नील्सच्या पणजोबांची टोपी

आमच्या शेडमध्ये दोन गोष्टी रोज साचतात. लाकडाचा भुसा आणि किस्से. भुसा झाडता येतो. किस्से कोपऱ्यात पडून राहतात, आणि कुणी चहाला बसलं की पुन्हा उडायला लागतात.

परवा देशपांडे म्हणाले, "बापू, हे कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे."

मी म्हटलं, "तुम्ही लिहा. तुम्ही शिकलेले."

"मी लिहिलं तर लांबेल हो."

खरं बोलले. म्हणून मी लिहितोय.

मी सातवी पास. कोल्हापूरला फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. लोखंडी पार्ट ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा सुतार. जन्म त्यात गेला. हाताखाली माणसं होती, माझ्या कामाच्या बाकावर परवानगीशिवाय कुणी हात ठेवत नसे. आता मुलाकडे असतो. कॅनबेरात, गुंगालिनला. इथे म्हाताऱ्या पुरुषांसाठी शेड असते. मशिनं, हत्यारं, चहा. सकाळी जायचं, लाकूडकाम करायचं, दुपारी घरी यायचं. घरच्यांना जरा शांतता मिळावी म्हणून सरकारने ही सोय केली असावी.

माणसं पुष्कळ येतात, पण आमचं टोळकं चौघांचं. मी. पुण्याचे देशपांडे, बँकेतून रिटायर झालेले. बॅरी, इथलाच, जन्मभर सरकारी गाडी चालवून मंत्र्यांची ने-आण केलेला. आणि नील्स. नील्स मूळचा डेन्मार्कचा. तरुणपणी इथे आला, जमिनी मोजायच्या खात्यात नोकरी केली, आता शेडचा प्रेसिडेंट. उंच, हडकुळा, बोलणं कमी. बँडसॉची, म्हणजे पट्ट्याच्या करवतीच्या मशिनची, किल्ली त्याच्या खिशात.

भिंतीवर एका दाढीवाल्या गृहस्थाचा जुना फोटो. काळा कोट, कडक नजर. तो नील्सने लावलेला.

* * *

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. इंग्रजी मला कामापुरतं येतं. स्क्रू, पॉलिश, लंच, एवढं. फोटो कुणाचा, हे मी विचारलं नाही. एवढी दाढी आणि एवढी नजर, म्हणजे डेन्मार्कचे कुणी थोर महाराज असणार, असं मी धरून चाललो.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही हत्यारांची पूजा करतो. फाउंड्रीत मी एकही वर्ष चुकवलं नव्हतं, इथे का चुकवू? शेड उघडायच्या वेळी गेलो. बँडसॉला, लेथला, माझ्या पटाश्यांना हळदकुंकू वाहिलं. झेंडू मिळाला नाही. रस्त्याकडेला वॅटलची पिवळी फुलं शेवटची शेवटची होती, त्यांचे हार केले. एक हार उरला. तो महाराजांच्या फोटोला घातला. काचेवर कपाळाच्या जागी कुंकवाचं बोट लावलं. नमस्कार केला.

मागे वळलो तर दारात नील्स!

तो फोटोकडे बघत राहिला. मागून देशपांडे आले, त्यांनी कपाळाला हात लावला.

"बापू, अहो ते महाराज नाहीत! त्याचे पणजोबा आहेत. डेन्मार्कच्या राजाचे मंत्री होते."

मी म्हटलं, "मंत्री? मग चुकलं कुठे? मंत्र्याला हार घालायची आपल्याकडे पद्धतच आहे."

देशपांड्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. बॅरी हसून खाली बसला. नील्स हसला नाही. म्हणाला, "मंत्री असताना लोकांनी यांना दगड मारले. फुलं पहिल्यांदाच मिळाली."

तेव्हापासून दर खंडेनवमीला हार तो स्वतः आणतो.

* * *

त्या दिवसापासून चहाच्या वेळी पणजोबांच्या गोष्टी सुरू झाल्या. नील्स इंग्रजीत सांगणार, देशपांडे मला मराठीत. नील्सचं एक वाक्य, देशपांड्यांची चार. शिवाय देशपांड्यांच्या भाषांतरात घोडे जास्त येतात. नील्सने पणजोबा चालत गेले म्हणून सांगितलं, तरी देशपांडे त्यांना घोड्यावर बसवणार.

पणजोबा तरुणपणी एका लहान गावात न्यायाधीश होते. दोन शेतकरी बांधावरून भांडत आले. बांधाचं भांडण म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली.

पणजोबा म्हणाले, "उद्या दोघांनी फावडं घेऊन या." दुसऱ्या दिवशी एकाला शेताच्या या टोकाला उभं केलं, दुसऱ्याला त्या टोकाला. "तुमच्या मते हद्द जिथे आहे तिथून चर खणत या. जिथे भेटाल तिथे मला हाक मारा."

दोघं खणत सुटले. पहिल्या दिवशी शिव्या देत. मग धापा टाकत. मधे भेटले तेव्हा एकाच्या हाताला फोड आले होते आणि दुसरा त्याला फडकं बांधत होता. खटला तिथेच मिटला.

बॅरीने विचारलं, "मजुरी किती दिली?"

नील्स म्हणाला, "काही नाही. सरकारला चर फुकट मिळाला."

"मग?"

"मग काय, राजाने त्यांना बोलावून घेतलं आणि अर्थमंत्री केलं!"

* * *

हे नील्सच्या रक्तातही उतरलंय. शेडमध्ये बॅरीला रेडिओवर क्रिकेट लागतं. देशपांड्यांना टेपवर नाट्यसंगीत, तेही मोठ्या आवाजात. एकदा दोघांची चांगलीच जुंपली.

"तुझा तो माणूस दुखतंय म्हणून ओरडतोय का?" बॅरी.

"आणि तुझा तो माणूस तीन तास झाले, अजून रन काढत नाहीये!" देशपांडे.

नील्सने ऐकून घेतलं. म्हणाला, "दोघांनी मिळून एक पेटी करा. सागाची, कोपरे खाचा पाडून जोडलेले, खिळा नको. दोन्ही यंत्रं पेटीत ठेवू. पेटी झाली की ठरवू, कधी कुठलं उघडायचं."

मी समजलो. फावडी दिली त्याने दोघांच्या हातात.

खाचा जुळेपर्यंत दोघांनी किती सागाचं सरपण केलं ते मला माहीत आहे, कारण लाकूड मी कापून देत होतो. पण शेवटी पेटी झाली. आणि झाली ती अशी, की तिच्यात रेडिओ-टेप कोंबायला दोघांचाही जीव होईना.

आता तिच्यात चहाची पावडर असते. रेडिओ आणि टेप कुठे आहेत, दोघांनाही आठवत नाही!

* * *

शेडच्या दाराशी मी खुंट्या केल्या. इथे उन्हामुळे प्रत्येकाला रुंद काठाची टोपी लागते. टोप्या बाकावर पडलेल्या मला चालत नाहीत. प्रत्येकाला एक खुंटी, लेथवर फिरवून, पॉलिश करून, खाली नाव. नील्सची मधली. सगळ्यांत चांगलं लाकूड तिला वापरलं होतं.

नील्सने तिच्यावर टोपी कधी अडकवली नाही. काम करताना टोपी स्टुलावर, चहाला बसला की मांडीवर. मी वाट पाहिली. मग विचारलं. माझ्या वस्तूचा कुणी मान ठेवला नाही तर मी विचारतो.

"खुंटी वाकडी आहे का?"

"खुंटी उत्तम आहे, बापू."

"मग?"

तेव्हा त्याने सांगितलं. पणजोबा मंत्रिमंडळाच्या बैठकीला जात तेव्हा बाकीचे मंत्री टोप्या बाहेर टांगून येत. हे एकटे टोपी मांडीवर घेऊन बसत. राजाला ते खटकलं. त्याने विचारलं, "माझ्या महालात खुंट्या कमी पडल्या का?"

पणजोबा म्हणाले, "नाही महाराज. पण ज्या मंत्र्याची टोपी खुंटीवर असते, त्याला जायच्या वेळी ती सापडत नाही."

त्यांनी घरात सांगून ठेवलं, खुर्चीवर आहोत तोवर टोपी मांडीवर. नील्स शेडचा का होईना, प्रेसिडेंट. म्हणून त्याची टोपी मांडीवर.

बॅरी म्हणाला, "मी इतक्या मंत्र्यांना गाडीतून नेलं. आमचे टोपी खुंटीवर ठेवत नाहीत. खुर्चीला खिळा ठोकून ठेवतात!"

मी म्हटलं, "आमचे खुंटीसकट घरी नेतात."

खुंटी रिकामी राहिली. पण त्या दिवसापासून मी रोज ती पुसायला लागलो.

* * *

आता माझी एक गोष्ट. फाउंड्रीत माझे उस्ताद सकाळी प्रत्येकाला काठोकाठ चहा द्यायचे. कपबशी हातात घेऊन आपल्या बाकापर्यंत चालत जायचं. बशीत सांडला, तर त्या दिवशी करवतीच्या मशिनला हात लावायचा नाही. घासकाम करायचं. कुणी आदल्या दिवशी प्यायलेला असो, कुणाला ताप असो, कुणी घरी भांडून आलेला असो, बशी सगळं सांगते. माझ्या खात्यात एकाचंही बोट गेलं नाही. हे मी अभिमानाने सांगतो.

शेडमध्ये भिंतभर सूचना लावलेल्या होत्या. वाचत कुणी नव्हतं. मी नील्सला म्हटलं, या काढ, कपबश्या आण. त्याने देशपांड्यांकडून सगळं समजून घेतलं आणि म्हणाला, "हे पणजोबांना आवडलं असतं. त्यांनी राजालाही चालायला लावलं असतं!" मशिनची जबाबदारी त्याने माझ्याकडे दिली. "नियम सगळ्यांना. मलासुद्धा."

पहिल्याच सोमवारी बॅरीच्या बशीत अर्धा कप चहा.

"बापू, मेट, रस्ता खडबडीत आहे!"

"फरशी आहे. सँडपेपर घे."

"मी पंतप्रधानांची गाडी चालवलीय!"

"ती चहा पिऊन चालवली असशील. सँडपेपर घे."

आता बॅरी रविवारी लवकर झोपतो. त्याच्या बायकोने मला केक पाठवला.

* * *

पणजोबांच्या घरावर दगड पडले, ती गोष्ट. दक्षिणेच्या जर्मन शेजाऱ्यांशी लढाई करायची, असं सगळ्या देशाने डोक्यात घेतलं होतं. तरुण पुढारी, विद्यार्थी, वर्तमानपत्रं, सगळे. पणजोबा एकटे म्हणाले, "आपल्याकडे सैन्य आहे ते मिरवणुकीपुरतं. लढाईपुरतं नाही." झालं! रात्री जमाव आला, घराच्या सगळ्या काचा फुटल्या.

पणजोबांनी काचा बसवल्या नाहीत. खिडक्यांना फळ्या ठोकल्या आणि अंधारात जेवायला लागले.

लढाई झाली. हरले. दक्षिणेकडचा मोठा मुलूख गेला. मग तीच माणसं टोप्या हातात धरून दाराशी आली. "साहेब, आता काय करायचं?"

पणजोबांनी फळीच्या फटीतून पाहिलं आणि म्हणाले, "आधी काच."

देशपांड्यांनी हे मराठीत सांगितलं, इतकं छोटं भाषांतर त्यांच्या आयुष्यात पहिलंच. सगळ्यांना ते मराठीतच आवडलं. पुढे बॅरीने माझ्या पटाशीने रंगाचा डबा उघडला आणि धार घालवली. सॉरी म्हणत आला. मी पटाशी परत त्याच्याच हातात दिली.

बॅरी म्हणाला, "आधी काच?"

"आधी काच."

धार लावायच्या दगडावर पटाशी घासत बसला. आता शेडमध्ये ज्याच्याकडून काही बिघडतं तो स्वतःच म्हणतो, "आधी काच!" व्हिएतनामचा एक म्हातारा येतो, तोही म्हणतो.

* * *

हरल्यानंतर तहावर सही करायला कुणी पुढे येईना. जे लढा म्हणत होते ते सगळे आजारी पडले. राजाने पणजोबांनाच बोलावलं. त्यांनी तह वाचला, सही केली, मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली आणि निघाले.

राजा म्हणाला, "तुम्हाला जा म्हणून कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायच्या आत जावं महाराज. सांगणाऱ्याला त्रास होतो."

देशाच्या पश्चिमेला उजाड माळ होता. तिकडे जाऊन झाडं लावत बसले. जुने सहकारी भेटायला गेले, चेष्टा केली. "ही वाढायच्या आत तुम्ही जाल."

पणजोबा म्हणाले, "झाडं मला मत देणार नाहीत. म्हणून तर लावतोय!"

बॅरीने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मी एका मंत्र्याला पद गेल्याच्या दिवशी घरी सोडलं. घर आलं. तो मागच्या सीटवर बसूनच. मी दार उघडेन म्हणून वाट बघत होता."

"उघडलंस?" देशपांडे.

"उघडलं. काय करणार? त्याला आतून उघडता येत नव्हतं."

* * *

या हिवाळ्यात नील्सने चहा अर्धा कप घ्यायला सुरुवात केली.

पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. मग तो बशी घेईना. मग तो सगळ्यांच्या आधी येऊन चहा घेऊन बसायला लागला, म्हणजे चालत जाताना कुणी बघू नये. थंडी कडक होती, हात गारठतात, मीही तसंच म्हणत होतो. एके दिवशी तो पेन्सिलने रेघ मारत होता. पट्टी लावून. तरी रेघ थरथरली. नील्सची रेघ! जन्मभर जमिनी मोजलेल्या माणसाची.

दुपारी तोच हात बँडसॉवर.

मशिनची जबाबदारी माझी. नियम सगळ्यांना, हे त्याचंच वाक्य. मी फाउंड्रीत मालकाच्या मेव्हण्याला मशिनवरून उठवलं होतं, तेव्हा माझी जीभ अडखळली नाही. इथे अडखळली. घरी नातीला, सईला सांगितलं.

ती म्हणाली, "जस्ट टेल हिम, आजोबा. ही'ज युअर फ्रेंड."

"म्हणूनच जमत नाही."

"देन आस्क देशपांडे आजोबा टू ट्रान्सलेट."

म्हणजे त्यातही घोडे येणार. मी म्हटलं, मीच सांगेन. सोमवारी. चार शब्द इंग्रजीत पाठ केले.

सोमवारी मी लवकर गेलो. नील्सही आलेला. पण चहा घेतला नव्हता. सगळ्यांची वाट बघत टोपी मांडीवर ठेवून बसला होता. बॅरी आला, देशपांडे आले. नील्स उठला, टोपी डोक्यावर घातली. चहाची किटली उचलली, कप भरला. काठोकाठ. खाली बशी धरली आणि आमच्यासमोरून चालत माझ्या बाकापर्यंत आला. कपबशी सगळा वेळ खुळखुळत होती.

कपबशी त्याने माझ्यासमोर ठेवली. बशीत चहाचं तळं झालं होतं.

खिशातून बँडसॉची किल्ली काढली. ती बशीच्या शेजारी ठेवली.

माझे पाठ केलेले चार शब्द तोंडातच राहिले. देशपांडे छताकडे बघत होते. बॅरी एकदम उठला आणि दार उघडायला निघाला. मी त्याला म्हटलं, "बस खाली!"

नील्स दारापाशी पोचला होता.

मी म्हटलं, "नील्स, कुठे निघालास? बशीत सांडला की काय करायचं असतं?"

तो थांबला. वळला. पलीकडे वस्तीच्या हॉलसाठी केलेलं लांब टेबल पडलं होतं, घासायचं राहिलेलं. त्याने टेबलाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. भिंतीवरच्या फोटोकडेही पाहिलं.

मग डोक्यावरची टोपी काढली आणि मधल्या खुंटीवर अडकवली.

"सँडपेपर कुठला घेऊ, बापू?"